करवीरच्या तालमी आणि कुमारांचा दिनक्रम

कोल्हापुरात फुटबॉलचा सामना पाहावयास गेलेल्या परगावच्या माणसाला एक गोष्ट चमत्कारिक वाटल्यावाचून राहत नाही. शाहू स्टेडियमवर जे संघ समोरासमोर उभे ठाकतात त्यांची नावे पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ अशी असतात. खेळ विलायती, पायांत बूट, अंगात पेठेच्या रंगाचा सदरा, आणि नाव मात्र तालमीचे! पाहुणा विचारतो, "हे खेळाडू कुस्तीही करतात की काय?" आपण हसून नाही म्हणतो आणि विषय बदलतो. पण त्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. नाव राहिले आणि आतली वस्तू बदलली असे इतिहासात वारंवार घडते. आणि असे घडते तेव्हा ती आतली वस्तू काय होती हे एकदा नीट पाहून ठेवावे, म्हणजे आपण काय टाकले व काय राखले याचा हिशोब तरी लागतो. आज आम्ही हा हिशोब मांडू पाहतो तो मल्लांच्या विजयांचा नव्हे. विजयांची वर्णने या नगरीत पुष्कळ झाली आहेत. आम्हांस पाहावयाचे आहे ते तेरा-चौदा वर्षांच्या पोराचे चोवीस तास: तो उठे केव्हा, खाई काय, निजे केव्हा, आणि त्याच्यावर नजर कोणाची असे.

'तालीम' हा शब्द मुळात अरबीतला. त्याचा अर्थ शिक्षण. उत्तरेत आजही शाळेच्या शिक्षणाला तालीम म्हणतात. नाटकवाले रंगीत तालीम म्हणतात ती याच अर्थाची. मराठीत मात्र हा शब्द व्यायामशाळेला चिकटला, आणि तो उगाच चिकटला असे आम्हांस वाटत नाही. आमच्या खेड्यापाड्यांतील कित्येक पिढ्यांना पाटीवरच्या शिक्षणाचा वारा लागला नव्हता, तेव्हाही ज्याला शिस्तीचे, क्रमाने चढत जाणारे, गुरूच्या देखरेखीखालचे शिक्षण म्हणावे असे एक त्यांच्या वाट्याला येत होते. ते लाल मातीतले.

ही गोष्ट फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मल्लविनोदाचे प्रकरण आहे, आणि ते वाचताना मौज वाटते ती अशी की, राजाला करमणूक पाहिजे म्हणून सुरू झालेले हे प्रकरण हळूहळू मल्लांच्या दिनचर्येत शिरते. वयाप्रमाणे व बळाप्रमाणे मल्लांचे वर्ग पाडावेत, त्यांना कोणता आहार द्यावा, मेहनत कशी घ्यावी हे सारे तो राजा सांगत बसतो. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीही या दख्खनेत कुस्ती हा केवळ आखाड्यातला घटकाभराचा प्रकार नव्हता. त्या घटकेसाठी उरलेला सारा दिवस बांधून काढावा लागतो, हे तेव्हाही कळत होते.

पुढे पेशवाईत नाशिकच्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला ऊर्जितावस्था आणली, गावोगाव मारुतीची देवळे व त्यांच्या आडोशाने आखाडे झाले, इत्यादी कथा सर्वांना ठाऊक आहे. ती आम्ही ओलांडून जातो. आपल्या विषयाचा खरा आरंभ होतो तो शाहू छत्रपतींपासून.

शाहूमहाराजांचा जन्म १८७४ चा. १८८५ ते १८८९ या काळात, म्हणजे नेमके कुमारवयात, ते राजकोटच्या राजकुमार कॉलेजात होते. ही शाळा इंग्रजांनी संस्थानिकांच्या मुलांसाठी विलायतेतील नामांकित शाळांच्या नमुन्यावर काढली होती, आणि तिचे मुख्याध्यापक चेस्टर मॅक्नॉटन यांना क्रिकेटचे फार प्रेम. त्याच वर्षांत तेथे आणखी एक विद्यार्थी शिकत होता. पुढे साऱ्या इंग्लंडाला ज्याच्या बॅटने वेड लावले तो रणजितसिंह. एकाच शाळेतून एकाने क्रिकेट नेले आणि दुसऱ्याने कोल्हापुरास येऊन कुस्तीला राजाश्रय दिला!

येथे विलायतेतील त्या नमुन्याकडे क्षणभर वळले पाहिजे, कारण संघटित खेळ आणि कुमारांची दिनचर्या यांची गाठ आधुनिक काळात प्रथम तेथे बांधली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील या मोठमोठ्या निवासी शाळांची स्थिती भूषणावह नव्हती. वर्ग सुटले की पोरे मोकाट. आसपासच्या रानांत चोरून शिकार करावी, शेतकऱ्यांची कोंबडी लांबवावीत, कधी मास्तरांविरुद्ध बंडही पुकारावे. रग्बी शाळेचे थॉमस अर्नोल्ड यांचे नाव या सुधारणेशी जोडले जाते. पण त्यांचा भर धर्म व शील यांवर होता, खेळांकडे त्यांचे विशेष लक्ष नव्हते. खेळांचा उपयोग जाणूनबुजून केला तो त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या कॉटन यांनी. हे मार्लबरो शाळेचे मुख्याध्यापक झाले तेव्हा शाळा बंडाळीने मोडकळीस आलेली होती. १८५३ साली त्यांनी पालकांना एक पत्रक धाडले व मोकळ्या वेळात मुलांनी शाळेच्या मैदानावर ठरवून दिलेले खेळ खेळावेत अशी व्यवस्था मांडली. हेच कॉटन पुढे कलकत्त्याचे बिशप होऊन हिंदुस्थानात आले. मतलब असा की, ज्याला आपण आज संघटित क्रीडा म्हणतो तिचा जन्म पदकासाठी झाला नाही. दुपारी तीन ते सहा पोरांचे काय करावे, या मुख्याध्यापकांच्या विवंचनेतून ती जन्मली. पदके मागाहून आली. कुबेर्तँ या फ्रेंच गृहस्थाने या इंग्रजी शाळा पाहिल्या, तो भारावून गेला, आणि त्यातून १८९६ साली अथेन्सचे ऑलिंपिक सामने भरले.

हाच प्रश्न शाहूमहाराजांपुढे निराळ्या रूपाने आला. खेड्यातला बहुजन समाजाचा मुलगा शिकावा तर त्याला शहरात राहण्यास जागा नाही. म्हणून १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि त्यामागोमाग जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेले समाज अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. या वसतिगृहांचा इतिहास आपण शिक्षणाच्या प्रकरणात वाचतो आणि तालमींचा इतिहास कुस्तीच्या प्रकरणात वाचतो. पण त्या काळच्या खेडुताच्या डोळ्यांनी पाहिले तर या दोन्ही गोष्टी सख्ख्या बहिणी वाटतील. दोन्हींकडे बारा-पंधरा वर्षांचा पोर गाठोडे घेऊन येतो, घरापासून दूर राहतो, घंटेवर वा हाकेवर उठतो, चारजणांबरोबर जेवतो, आणि त्याच्या बऱ्यावाईटाची जबाबदारी घेणारा एक वडीलधारा माणूस तेथे असतो. एकीकडे त्याला अधीक्षक म्हणत, दुसरीकडे वस्ताद.

१९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेस गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले, आणि त्याच्या धर्तीवर १९१२ साली खासबागचे मैदान तयार झाले. मधोमध मातीचा हौदा, सभोवार वर चढत जाणारी बैठक, कोठूनही बसा, कुस्ती दिसतेच. याच मैदानाला लागून महाराजांनी नाट्यगृह बांधले. आज ते केशवराव भोसल्यांच्या नावाने ओळखले जाते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याला आग लागली तेव्हा या शहरातील कित्येक म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांना पाणी आले. असो. पंजाबातील नामांकित मल्ल महाराजांच्या आश्रयाला आले, गावोगावचे पोर कोल्हापूरकडे धाव घेऊ लागले, पेठापेठांतून तालमी गजबजल्या. भवानी मंडपाजवळची मोतीबाग, गंगावेशीतली तालीम, शाहूपुरीतली तालीम ही नावे कृष्णा-वारणेच्या काठापासून थेट बेळगावच्या मुलखापर्यंत घरोघर झाली.

आता त्या पोराचा दिवस पाहू. हे वर्णन कोणा एका तालमीचे नाही. थोड्याफार फरकाने सर्वत्र असेच चाले आणि जेथे मातीचा आखाडा जिवंत आहे तेथे आजही चालते. पहाटे चारच्या सुमारास, कोठे त्याच्याही आधी, वस्तादांची हाक. तोंड धुऊन मारुतीपुढे हात जोडावयाचे, लंगोट कसावयाचा आणि जोर-बैठकांस लागावयाचे. नव्या पोराला पन्नास जोर, जुन्याला हजारापर्यंत. संख्या वस्ताद ठरवी, पोर नव्हे. मग फावड्याने आखाडा खणून माती भुसभुशीत करावयाची. ही मातीही साधी नव्हे. तिच्यात ताक, लिंबू, हळद, कापूर, तेल घालून ती मळलेली असते, म्हणून तिला एक निराळाच वास येतो. ज्याने तो एकदा घेतला तो जन्मात विसरत नाही. त्यानंतर लढत. मोठ्याने लहानाला खेळवावयाचे, पाडावयाचे नाही, हा संकेत. लढत आटोपली की अंगाला माती चोळून घाम जिरेपर्यंत स्वस्थ बसावयाचे, मग आंघोळ, मग थंडाई. बदाम वाटण्याचे काम पाळीपाळीने. दुपारी जेवण व झोप. संध्याकाळी पुन्हा बैठका. रात्री दूध-भाकर खाऊन दिवेलागणीनंतर तासा-दोन तासांत सारी तालीम चिडीचूप.

हे दूध म्हणजे कोल्हापूरचे एक व्यसनच म्हणावे लागेल. गंगावेशीत आणि इतरत्रही संध्याकाळी म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. दूधकट्ट्याची ही रीत पैलवानांच्या खुराकातून सबंध शहरात पसरली. आपल्या शेजारच्या गावांत संध्याकाळी माणसे चहाच्या दुकानात भेटतात, येथे म्हशीच्या पाठीशी भेटतात, एवढे म्हटले म्हणजे पुरे.

या दिनक्रमात आज आम्हांस तीन-चार गोष्टी विशेष दिसतात. व्यायाम हा दिवसाचा एक तुकडा नव्हता. झोप, आहार, संगत, सारे त्याच्याभोवती फिरत होते. विड्या, दारू यांना तेथे मज्जाव, आणि तो उपदेशाने पाळला जात नसे. पहाटे बैठका मारताना ज्याचा दम निघेल त्याचे पाप सर्वांदेखत उघडे पडे. दुसरे, वय हा अडसर नव्हता. बारा वर्षांचा आणि तीस वर्षांचा एकाच छपराखाली राहत, आणि लहानाला आपण उद्या कसे दिसणार हे रोज डोळ्यांसमोर दिसे. आजच्या मुलांच्या संघांत चौदा वर्षांखालचे, सतरा वर्षांखालचे असे कप्पे पडले आहेत. स्पर्धेच्या दृष्टीने ते न्यायाचे आहेत, पण त्यांनी थोरांचा शेजार मात्र तोडला. आणि पेठेतला पोर, जो तालमीत राहत नसे, नुसता पहाटे येऊन जाई, त्याच्याही रात्रीवर तालमीचा वचक असे. चारला उठावयाचे तर नऊला निजलेच पाहिजे.

हे सारे ऐकून कोणास वाटेल, आम्ही तालमीची आरती ओवाळावयास बसलो आहोत. तसे नाही. तिचे दोष मोठे होते आणि ते पुढे येतीलच. तत्पूर्वी, ज्याच्या आयुष्यात तालीम आणि शाळा एकत्र आल्या त्या एका मुलाची हकीकत सांगितली पाहिजे.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १९२६ साली खाशाबा जाधव जन्मले. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. लहानपणापासून माती अंगाला लागलेली. पण खाशाबा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकले आणि मग कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. अंगाने ते लहानखुरे होते. तालमीच्या रूढ कल्पनेत बसणारा हा धिप्पाड देह नव्हे. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने गेले. जन्मभर मातीत लढलेल्या या गड्याला तेथे गादीवर, अनोळखी नियमांनी लढावे लागले, तरी आपल्या वजनगटात ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जावयाचे तर पैशांची वानवा. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले होते. राजाचा हात आता पूर्वीसारखा पाठीशी नव्हता. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, आणि खाशाबा गेले. जुलै १९५२ मध्ये बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक असे ते पहिले ऑलिंपिक पदक. गावी परतल्यावर दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि खाशाबांनी काय केले? कुस्त्यांचे फड लावून त्यातून मिळालेल्या पैशांनी प्राचार्यांचे घर सोडविले. पुढे पोलीस खात्यात नोकरी केली, १९८४ साली अपघातात ते गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो २००० साली, मरणानंतर.

या हकीकतीत आम्हांस विचार करावयास लावणारी गोष्ट पदकाची नाही. घर गहाण टाकणारा माणूस वस्ताद नव्हता, महाविद्यालयाचा प्राचार्य होता, हे पाहावे. वसतिगृह आणि तालीम या दोन बहिणी येथे एका पोरासाठी एकत्र आल्या. असे वारंवार घडते तर महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास निराळा झाला असता. पण तसे घडले नाही. शाळा आणि तालीम एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिल्या. शाळेच्या लेखी पैलवान म्हणजे अभ्यासात मठ्ठ; तालमीच्या लेखी पुस्तकी पोर म्हणजे काडीपैलवान.

प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. आपल्या शेजारच्या औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, स्वतः रोज घातले, आणि आपल्या राज्यातील शाळांत मुलामुलींकडून घालवून घेतले. त्याला ना मैदान लागे ना साधने. प्रत्येक पोराला रोज थोडे, हे त्या योजनेचे मर्म. अमरावतीस १९१४ मध्ये वैद्यबंधूंच्या पुढाकाराने हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले; त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामप्रकार करून दाखविले. पुण्यास डेक्कन जिमखान्याने खो-खोला नियमांत बसविले. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढून आसने व प्राणायाम यांची शास्त्रीय तपासणी सुरू केली. शाळांच्या वेळापत्रकात व्यायामाचा तास आला तो या मंडळींच्या खटपटीने. परंतु वेळापत्रकातला तास म्हणजे दिनक्रम नव्हे. आठवड्यातून दोनदा पस्तीस मिनिटे, ती देखील दहावीचे वर्ष आले की गणिताच्या मास्तरांनी उसनी न्यावयाची आणि परत करावयाची नाहीत! ज्यांनी शाळा पाहिली आहे त्यांना हे सांगावयास नको.

इकडे विलीनीकरणानंतर तालमींचे काय झाले? पहिली काही वर्षे तर सुवर्णकाळच होता. श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले, १९६० साली गणपतराव आंदळकर, १९६४ साली मारुती माने. १९६२ च्या जकार्ता आशियाई सामन्यांत आंदळकर व माने यांनी पदके मिळविली. साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देऊन राजाची जागा काही अंशी भरून काढली. पण हा आश्रय मोठ्या मल्लाला होता. त्यातून पहाटे पेठेतला सामान्य पोर उठेल अशी सोय नव्हती. तालमीत येणारा पोर दोन प्रकारचा असे: एक पुढे पैलवान होणारा, दुसरा कधीच न होणारा. राजाश्रय, फड, इनाम हे पहिल्यासाठी. पण तालीम भरलेली असे ती दुसऱ्यामुळे. हा दुसरा पोर हळूहळू येईनासा झाला. त्याला शाळा सकाळची झाली, शिकवणी संध्याकाळची झाली, घरात दिवे रात्री अकरापर्यंत जळू लागले. ज्या तालमीत राहणारे मल्ल होते त्या टिकल्या, इतर कितीएक ठिकाणी हौद्यावर फरशी आली. त्या फरशीवर मंडळाची कचेरी आली, गणपतीच्या वर्गणीचा हिशोब आला, कोठे लोखंडी वजनांची व्यायामशाळा आली. आणि पेठेची जी ईर्ष्या पूर्वी मातीत जिरत असे ती फुटबॉलच्या मैदानावर गेली.

फुटबॉलला आम्ही नावे ठेवणार नाही. कोल्हापूरने या खेळावर जे प्रेम केले तसे महाराष्ट्रात फार थोड्या गावांनी केले असेल. २०१७ साली दिल्लीस सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण हिशोबाला बसलो आहोत तर आकडे खरे मांडले पाहिजेत. मैदानात खेळतात ते बावीस. सज्ज्यात बसतात ते हजारो. आखाड्यात ही वाटणी अशी नव्हती, कारण पेठेतील जवळजवळ प्रत्येक पोराने निदान दोन-चार वर्षे मातीत लोळण घेतलेली असे, आणि म्हणून कुस्ती पाहणारा स्वतः कुस्ती जाणणारा असे. आजचा पंधरा वर्षांचा प्रेक्षक सामन्यात घसा बसेपर्यंत ओरडतो, क्वचित दोन पेठांचे समर्थक हातघाईवर येतात आणि पोलिसांना मध्ये पडावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी हाच पोर जिना चढताना धापा टाकतो. संघाचे नाव तालीम, पण पोराची तालीम कोठेच नाही.

आता दोषांकडे. सर्वांत मोठा दोष असा की, तालमीचा दरवाजा निम्म्या कुमारांना बंदच होता. मुलींना तेथे पाऊल टाकता येत नसे. आणि गोष्ट केवळ दरवाजाची नाही. पैलवानाचा खुराक कोठून येई? घरी दोन म्हशी असल्या तर एकीचे दूध डेअरीला आणि दुसरीचे तालमीतल्या पोराला. तूप त्याला, बदाम त्याला, अंडी त्याला. त्याच घरातली त्याची बहीण, त्याच्याच वयाची, म्हशीचे शेण काढी, धार काढी, आणि भाकरीबरोबर तिच्या वाट्याला ताक आले तर आले. भावाच्या छातीचा घेर मोजणाऱ्या बापाने मुलीची नखे पांढरी का पडली हे कधी पाहिले नाही. ही जुनी गोष्ट झाली म्हणून सुस्कारा टाकावा तर २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींत शंभरांत ५९ जणींना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलांत ३१ जणांना. देशातील हे आकडे वाचताना आम्हांस ते दुधाचे तांबे आठवतात.

मुलींना मैदान मिळाले ते शाळेमुळे, खो-खो आणि कबड्डीच्या निमित्ताने. आणि त्यांनी त्याचे काय केले ते सर्वांच्या समोर आहे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली नेमबाजीत जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८ साली आशियाई सामन्यांत सुवर्णपदक मिळविले. कुस्तीच्या या नगरीत गेल्या काही वर्षांत मुलीही आखाड्यात उतरू लागल्या आहेत. मात्र जे आम्ही मुलांविषयी म्हटले तेच येथेही लागू आहे. एक तेजस्विनी निघाली म्हणून पेठेतल्या शंभर मुली रोज धावतात असे होत नाही.

दुसरा दोष. तालीम माणसाला शिकवी ती पंचविशी-तिशीपर्यंत. पुढे काय, याचे उत्तर तिच्यापाशी नव्हते. बैठका सुटतात आणि खुराक सुटत नाही. मेहनत करणाऱ्या देहाला जे तूप पचते ते गादीवर बसलेल्या देहाला पचत नाही, आणि उतारवयात रक्तदाब, मधुमेह, झिजलेले गुडघे घेऊन बसलेला जुना मल्ल आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. हलके, आयुष्यभर पुरेल असे काही त्या शिक्षणात हवे होते. पंतप्रतिनिधींच्या सूर्यनमस्कारांत ते होते. पण त्यांत शड्डू नव्हता, फेटा नव्हता, इनाम नव्हते, म्हणून त्यांच्याकडे गर्दी झाली नाही.

पहाटे चारच्या हाकेविषयीही आज आपण थोडे निराळे बोलले पाहिजे. वयात येताना मुलांच्या देहातील निद्रेची वेळच पुढे सरकते, असे शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे रात्री उशिरापर्यंत झोप न येणे हा सर्वस्वी आळशीपणा नव्हे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तासांची झोप हवी असेही ते सांगतात. तालमीतल्या पोराला ती मिळे, कारण रात्र लवकर पडे आणि दुपारी डोळा लागे. आजचा बाप आपल्या मुलाला तालमीचा दाखला देऊन पहाटे उठवतो; पण तो मुलगा शिकवणीहून साडेआठला आला, जेवून दहाला अभ्यासास बसला, आणि बारानंतर अंथरुणात मोबाईलचा उजेड तोंडावर घेऊन तासभर जागला, हे बाप विसरतो. बहुधा स्वतःही तेच करीत असल्यामुळे विसरतो. तालमीच्या दिवसाचे एक टोक उचलून आणावयाचे आणि दुसरे सोडून द्यावयाचे, यातून आरोग्य येणार नाही, जांभया येतील.

जागतिक आरोग्य संघटनेने १४६ देशांतील शाळकरी मुलांचे २०१६ पर्यंतचे आकडे गोळा करून २०१९ साली प्रसिद्ध केले. अकरा ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी हालचाल करावी, एवढीच माफक अपेक्षा. शंभरांत ८१ मुले तेवढेही करीत नव्हती. मुलींत हे प्रमाण ८५. भारताची स्थिती काही देशांहून थोडी बरी दिसली, आणि त्याचे संभाव्य कारण त्या मंडळींनी दिले ते वाचण्यासारखे आहे: मुले क्रिकेट खेळतात म्हणून, आणि मुली घरकाम करतात म्हणून! आम्ही हे वाचले तेव्हा हसावे की काय करावे ते कळेना. धुणी-भांडी हा आमच्या मुलींचा संघटित व्यायाम ठरला.

आणि जे थोडे खेळतात तेही कशासाठी खेळतात? राज्य वा राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीत वाढीव गुण मिळतात. योजना चांगल्या हेतूची आहे, आणि कित्येक गरीब खेळाडूंना तिचा आधार झाला आहे. पण तिच्यामुळे आठवीत मैदानावर आलेले पोर दहावीचा निकाल लागताच मैदान सोडते, असेही आम्ही पाहिले आहे. कॉटनसाहेबांनी खेळ आणला तो दुपार भरण्यासाठी. आपण आणला तो गुणपत्रिका भरण्यासाठी.

परवा एका संध्याकाळी आम्ही शिवाजी पेठेतून जात असता एका जुन्या तालमीत सहज डोकावलो. हौदा अजून होता. लढणारे कोणी नव्हते. कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ फावडे टेकून बसले होते. "या वेळी कोण येणार?" असे आम्ही विचारले तेव्हा ते म्हणाले की, पूर्वी पहाटे चारला दार उघडत असू, आता रात्री साडेआठला उघडतो, कारण शिकवण्या आठला सुटतात. चार-पाच पोरे येतात, तासभर मेहनत करतात आणि जातात. त्यांत दोन मुली आहेत. पहिल्या दिवशी पेठेतल्या काहींनी कुरकूर केली, तेव्हा ते म्हणाले होते, माती काही विचारत नाही. आम्ही बोलत होतो तोच पाठीवर दप्तर घेतलेला एक मुलगा सायकल भिंतीला लावून आत आला, वस्तादांच्या पाया पडला, आणि त्यांच्या हातातले फावडे घेऊन माती उकरू लागला.